स्वप्नातली पंगत: सांगलीत कुणाला जेवायला बोलवाल, आणि नवा पदार्थ सुचतो कुठून?

कृष्णाकाठचा_आचारी:

नमस्कार मंडळी.

आमच्या धंद्यात एक प्रश्न कायम फिरत असतो. काळाचं, अंतराचं काही बंधन नाही असं धरलं, तर जेवायला कुणाकुणाला बोलवाल आणि काय वाढाल? मोठ्या शहरांतल्या हॉटेलांच्या किचनमध्ये मी बरीच वर्षं काढली, आता सांगलीत माझं स्वतःचं छोटं हॉटेल आहे. या प्रश्नाला बहुतेक शेफ दुसऱ्या शेफची नावं सांगतात. मला तो प्रश्न वेगळ्याच कारणानं मोलाचा वाटतो. माझ्या हाताखाली शिकणारी पोरं सारखं विचारतात, 'नवीन काही सुचतं कुठनं?' त्याचं उत्तर मला या पंगतीत सापडतं.

माझं म्हणणं असं की पदार्थ माणसावरून सुचतो. जिन्नस, तंत्र, ताटाची मांडणी हे सगळं मागून येतं. ऑग्युस्त एस्कॉफिए हा फ्रेंच शेफ लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात होता, त्या १८९० च्या दशकातली गोष्ट. नेली मेल्बा या ऑस्ट्रेलियन गायिकेचा ऑपेरा त्यानं ऐकला. त्या ऑपेरात हंस येतो, म्हणून त्यानं बर्फाचा हंस कोरवून घेतला आणि त्यात व्हॅनिला आइस्क्रीमवर पीच ठेवून तिच्यापुढे नेले. रासबेरीचा रस त्यात नंतर आला. पीच मेल्बा आज जगभर मिळते. पीच आणि आइस्क्रीम त्या काळी लंडनच्या प्रत्येक बड्या किचनमध्ये असणारच. कुणासाठी करायचं हे एकट्या एस्कॉफिएच्या डोक्यात पक्कं होतं.

तर माझी पंगत. जागा हरिपूर, जिथं कृष्णेला वारणा मिळते तिथला काठ. पाहुणे पाच.

पहिल्या कमलाबाई ओगले. कुंडलमध्ये जन्मलेल्या, शाळा चौथीपर्यंत, स्वयंपाक सांगलीत सासूबाईंच्या हाताखाली शिकल्या. १९७० मध्ये त्यांचं 'रुचिरा' आलं आणि वाटी-चमच्याचं माप घरोघरी गेलं. तोपर्यंत 'अंदाजानं घाल' यापलीकडे नव्या सुनेला कुणी काही सांगत नव्हतं. दुसरे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब. जन्म कैरान्याचा, पण राहिले मिरजेत आणि १९३७ नंतर कायमचे मिरजेचेच झाले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. तिसरे नागठाण्याचे बालगंधर्व. चौथ्या लक्ष्मीबाई भाऊराव पाटील. पती कर्मवीर भाऊरावांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगमधली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. पाचवे गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचं ब्राँझ.

वाढपी मी. काय वाढायचं ते अर्धं ठरलंय, अर्धं तुमच्याकडून ऐकायचंय. तुमची पंगत सांगा, आणि माझं म्हणणं पटत नसेल तर तेही मोकळेपणानं सांगा.

हरिपूरकर:

दादा, हरिपूर निवडलंत, फार बरं वाटलं. मग पेवं विसरू नका.

बाहेरच्या वाचकांसाठी लिहितो. आमच्या गावची माती अशी आहे की वीस-पंचवीस फूट खोल खड्डा घेतला तरी कडा ढासळत नाहीत आणि आत ओल धरत नाही. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट ऐसपैस. तळाला आणि कडेनं पाला घालायचा, हळद भरायची, तोंड मातीनं बंद. आत हवा खेळत नाही म्हणून कीड लागत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही. तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग कंदील दोरीनं खाली सोडायचा. विझला तर अजून थांबायचं. सांगलीचा हळदीचा बाजार या पेवांच्या जोरावर उभा राहिला. २००५ च्या महापुरात पाणी शिरून कितीतरी पेवं गेली, आता माल गोदामात आणि कोल्ड स्टोरेजमध्ये असतो.

जुनं पेव उघडतात तेव्हा जो वास येतो ना, तो दुकानातल्या हळदीला नाही. मातीचा, थोडा आल्यासारखा, थोडा कापरासारखा. तो वास ताटात आणता आला तर बघा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्याच गावातल्या हॉटेलांत हळदीचा म्हणून एक पदार्थ मिळत नाही.

माणदेशी_मी:

आचारीदादा, धागा आवडला, पण मूळ मुद्दा पटला नाही.

मी म्हसवडकडचा. आमच्याकडं पदार्थ टंचाईतनं सुचलेत. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात पाऊस भरवशाचा नाही. जे कमी पाण्यावर येतं तेच पेरायचं. हुलगा, म्हणजे कुळीथ, कसल्याही माळावर येतो, म्हणून हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम माडगं, हुलग्याची शेंगोळी. भाजी नाही म्हणून उन्हाळ्यात सांडगे घालून ठेवायचे आणि पावसाळाभर त्याचं कोरड्यास करायचं. डाळ भरडल्यावर खाली राहिलेला कळणा टाकवत नाही, म्हणून कळण्याची भाकरी. रानात उगवलेली चिघळ, तांदुळजा, पाथरी. यातला एकही पदार्थ कुणा पाहुण्यासाठी झालेला नाही. घरात काय नाही, यावरनं झालेला आहे. आमच्या आज्जीच्या हाताला जी चव होती ती आठ-दहा जिन्नसांत होती, त्याच्या बाहेर तिला जाताच येत नव्हतं.

तुमच्या पंगतीत माडग्याला जागा द्या. थंडीत आल्या-आल्या गरम वाटी हातात पडली की माणूस बसायच्या आधीच निवांत होतो.

तंबोरा_मिरज:

खाँसाहेबांचं नाव वाचून लिहायला बसलो. आमच्या घरात तंबोरे, सतारी करायचं काम पिढ्यांपासून चालत आलंय.

त्यांना काय वाढायचं यापेक्षा त्यांच्याकडून काय घ्यायचं ते सांगतो. किराणा घराण्याची गायकी सुरावर उभी आहे. एकेका सुरावर थांबायचं, तो पूर्ण लागल्याशिवाय पुढं जायचं नाही. आणि मागं तंबोरा सतत. तंबोऱ्याची जवारी काढतात हे ऐकलं असेल. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, वरचा भाग कानशीनं अगदी थोडा थोडा घासायचा, तार छेडायची, परत घासायचा. मग तारेखाली सुताचा धागा घालून तो केसभर पुढं-मागं सरकवायचा. एका जागी आवाज बोथट असतो, केसभर सरकला की तार एकदम खुलते, एका तारेतून कितीतरी सूर ऐकू यायला लागतात. जास्त घासलं गेलं तर घोडी पुन्हा नव्यानं बसवावी लागते.

तुमच्या जेवणात असा एक आधारस्वर असायला हवा. पहिल्या वाटीपासून शेवटच्या गोडापर्यंत एकच चव मागं वाजत राहील, पुढं येणार नाही, पण काढून घेतली तर सगळं ताट रिकामं वाटेल. हरिपूरकरांनी जागा दाखवून दिलीच आहे. हळद घ्या.

(जाता जाता: तंबोऱ्याचा भोपळा कडू असतो, खायच्या भोपळ्याशी गल्लत नको. मागे एका पाहुण्यानं मनापासून विचारलं होतं की आतला गर तुम्ही भाजीला वापरता का.)

कृष्णाकाठचा_आचारी:

तंबोरा, हे वाचल्यावर मी हातातलं काम बाजूला ठेवलं. आधारस्वराची कल्पना मी घेतली. जेवणाचा क्रम ठरवताना आम्ही नेहमी 'आधी हलकं, मग जड, मग गोड' एवढाच विचार करतो. सगळ्या पदार्थांखालून एक धागा न्यायचा, हे मी आजवर केलेलं नाही.

@माणदेशी_मी, तुमचं म्हणणं खोडता येत नाही. पण एक विचारतो. टंचाई सगळ्या गावाला सारखीच होती, तरी एका घरचं माडगं नावाजलेलं आणि शेजारच्या घरचं नाही. तुमच्या आज्जीनं त्याच आठ-दहा जिन्नसांतून तुमच्यासाठी वेगळं आणि तापानं फणफणलेल्या नातवासाठी वेगळं केलं असेलच की. टंचाईनं तिला चौकट दिली, हात मात्र माणूस बघून वळला. माडगं पंगतीत आलं. पहिलीच वाटी.

वाईकरीण:

मला दोघांचंही थोडं थोडं पटतंय, आणि तिसरंच सुचवायचंय.

फ्रान्समध्ये ओब्राक नावाचं पठार आहे. तिथल्या लागिओल गावचा शेफ मिशेल ब्रा याला पळायची आवड. १९८० च्या सुमारास, कुरणं फुललेली असताना पळता पळता त्याला वाटलं की हे सगळं ताटात यायला हवं. त्यातून त्याचा 'गार्गुयू' हा पदार्थ झाला: कितीतरी कोवळ्या भाज्या, पाला, फुलं, प्रत्येक वेगळी शिजवलेली किंवा कच्ची, त्या दिवशी जे मिळेल तसं. मूळ गार्गुयू म्हणजे त्या भागातलं बटाटा आणि हॅमचं साधं कालवण. जगभरच्या शेफनी पुढं त्याचं अनुकरण केलं.

आपल्याकडे कास आहे की! २०१२ पासून जागतिक वारसा यादीत. पंगतीत कासचं ताट का नको?

पाटणवाला:

वाईकरताई, कासच्या फुलांना हात लावता येत नाही, आणि लावूही नये. तिथली कितीतरी फुलं दुसरीकडे उगवत नाहीत, आणि ती खायचीही नाहीत.

पण घाटमाथ्याला पावसात जे उगवतं ते खाणारी माणसं आमच्याकडं आहेत. भारंगी, कुर्डू, टाकळा, फोडशी. प्रत्येकीची रीत वेगळी. भारंगीचा पाला उकडून पाणी काढून टाकल्याशिवाय कडूपणा जात नाही. कुर्डू कोवळी असतानाच खुडायची, तुरा आला की संपलं. हे ज्ञान बायकांच्या हातात आहे, आणि त्यातली बरीच आता सत्तरीच्या पुढं आहेत.

आणि आचारीदादा, सातारा जिल्ह्यातले दोन पाहुणे बोलावलेत आणि ताटात घुटं नाही असं कसं चालेल? उडदाचं घुटं पाहिजेच. सालीची उडीदडाळ मऊ शिजवायची, लाकडी रवीनं घोटायची, हिरवी मिरची, लसूण, आलं, कोथिंबीर वाटून घालायची, वरनं लसणाची फोडणी. एक अडचण आधीच सांगून ठेवतो. आमच्या घरी घुट्यात हळद घालत नाहीत. रंग करडा-हिरवाच राहिला पाहिजे. तुमचा आधारस्वर इथं बंद पडणार.

कृष्णाकाठचा_आचारी:

@वाईकरीण, कासचं ताट करणार नाही, पण तुमची सूचना वाया जाणार नाही. कासला मी दरवर्षी जातो. तिथं मला एक फूल कधी लक्षात राहत नाही. तेरड्याचा गुलाबी गालिचा काही दिवस असतो, मग तोच उतार सोनकीनं पिवळा होतो. पठार तेच, रंग पाळीनं येतात. माझ्या हॉटेलातल्या थाळीत पूर्वी सगळं एकदम यायचं. कास बघून आल्यावर मी भाज्या पाळीनं वाढायला लागलो, पहिली संपत आली की दुसरी. लोक हळू जेवायला लागले, बोलायला लागले. म्हणजे जागेवरूनही सुचतं, हे मान्य. फक्त तिथलं जसंच्या तसं उचलून आणायचा मोह टाळला पाहिजे.

@पाटणवाला, घुटं पक्कं. हळदीचं काय करायचं त्यावर विचार करतोय.

अन्नरसायन:

मी अन्नतंत्रज्ञान शिकवते. हळदीबद्दल कामाचं थोडं लिहिते.

कर्क्युमिन, म्हणजे हळदीचा पिवळा रंग, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलातुपात विरघळतो. म्हणून हळद फोडणीत घालायची. वरून भुरभुरली तर कच्ची लागते. दुसरं, वास आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वास उडणाऱ्या तेलांचा. हळद शिजवून वाळवताना त्यातला काही भाग जातो, म्हणून ओल्या हळदीला वास जास्त आणि तिखटपणाही जास्त. तिसरं, हळदीचं पान. त्याला कंदापेक्षा हलका, गवतासारखा ताजा वास असतो आणि त्याचा रंग पदार्थाला लागत नाही. पाटणवाल्यांचं घुटं पानात ठेवलं तर वास येईल, रंग तसाच राहील.

आणखी एक गंमत. हळदीला चुना किंवा सोडा लागला की ती लाल होते. कुंकू असंच करायचे. पाहुण्यांसमोर पिवळ्या रस्स्यात एक थेंब टाकून तो लाल करून दाखवता येईल.

कृष्णाकाठचा_आचारी:

ताई, पानाचा उपाय अगदी नेमका. सांगलीकडे हळद शिजवताना काहिलीवर हळदीचाच पाला झाकतात, तो वास मला लहानपणापासून माहीत आहे, पण ताटात आणायचं डोक्यात आलं नव्हतं. भाकरीखाली आणि घुट्याच्या वाटीखाली पान घालतो. गरम वाटी ठेवली की वास सुटेल.

लाल करायचा प्रयोग मी करणार नाही. एका हॉटेलात मी असे प्रयोग करत होतो, धूर, फेस, रंग बदलणं. लोक फोटो काढायचे, तोवर पदार्थ गार व्हायचा. स्पेनमधलं एलबुली वर्षातले कित्येक महिने हॉटेल बंद ठेवून फक्त नव्या पदार्थांवर काम करायचं, २०११ मध्ये ते बंद झालं. त्यांच्या चिकाटीबद्दल मला अपार आदर आहे. त्यांचे फेस-धूर जगानं उचलले. रोज टिपणं ठेवून एकच गोष्ट शंभर बाजूंनी बघायची त्यांची शिस्त मात्र फारच थोड्यांनी घेतली. माझ्या किचनमध्ये ती वही आहे. कुठलं वांगं कुठल्या आठवड्यात कसं लागलं, तेसुद्धा त्यात आहे.

शाळूची_भाकरी:

सगळं वाचलं. दोन गोष्टी मनापासून सांगते.

पहिली लक्ष्मीबाईंबद्दल. साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवत होती, तेही १९२४ च्या सुमारास. जुन्या वळणाच्या जैन घरातून आलेल्या बाईनं हे केलं. घरात धान्य नाही आणि इतकी पोरं जेवायची राहिलीत, हा प्रसंग त्यांच्यावर कितीदा आला असेल. तेव्हा त्यांना पंगतीत पाहुणी म्हणूनच बसवा. कुणी उत्साहानं 'बाई, तुमच्या हातानं वाढा' म्हणेल, तर म्हणू देऊ नका. त्यांना गरम भाकरी तव्यावरनं थेट ताटात मिळाली पाहिजे. आयुष्यभर रांधणाऱ्या बाईला शेवटची, गार भाकरी मिळते. माझ्या आईलाही तीच मिळाली.

दुसरी गोष्ट, मटण आहे का? खाशाबा आहेत, खाँसाहेब आहेत. आणि लक्ष्मीबाई, कमलाबाईही आहेत. दोन पंगती करणार का?

माणदेशी_मी:

पैलवानाला थंडाई, बदाम, तूप हवंच की.

कृष्णाकाठचा_आचारी:

शाळूताई, तुमच्या पहिल्या मुद्द्यासाठी मी चुलीची जागाच बदलली. चूल आता पंगतीच्या समोर, दहा पावलांवर. भाकरी थापणारी बाई आणि जेवणारी बाई एकमेकींना दिसतील, बोलतील.

दोन पंगती अजिबात नाहीत. बोर्डिंगच्या पंगतीला आठवून जेवायला बसायचं आणि मध्ये भिंत घालायची, हे मला जमणार नाही. सगळ्यांचं ताट एकच, शाकाहारी. मटणाचं सुकं वेगळ्या चुलीवर होईल आणि हवं त्याला मागून वाटीत मिळेल, त्याच ओळीत बसून.

@माणदेशी_मी, खाशाबांना थंडाई-बदाम सगळेच देतील. मी वेगळा विचार करतोय. हेलसिंकीत ते बँटमवेटमध्ये लढले, म्हणजे सत्तावन्न किलोच्या आत. वजनगटात लढणाऱ्याला ताट समोर असून हात आवरता घ्यावा लागतो. गावानं, ओळखीच्या माणसांनी वर्गणी काढून त्यांना पाठवलं होतं, तो भार वेगळाच. या पंगतीला वजनकाटा नाही. त्यांच्यासाठी मी हुरडा ठेवलाय, कारण हुरडा मोजून कुणी खात नाही. आगटीभोवती बसायचं, कणीस गोवरीच्या आरात भाजायचं, तळहातावर चोळून फुंकर मारायची आणि मूठ पुढं करायची. गूळभेंडीचा हुरडा, सोबत शेंगदाण्याची चटणी. जितकं खाल तितकं येत राहील.

वाईकरीण:

म्हणजे पंगत हिवाळ्यात. हे आधी ठरवायला हवं होतं, सगळं त्यावर अवलंबून आहे. हुरडा, ओली हळद, स्ट्रॉबेरी, गुऱ्हाळ हे एकत्र कधी सापडतं?

हरिपूरकर:

जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचे पहिले दिवस. हळद तेव्हा निघायला लागते, हुरडा शेवटाला आलेला असतो, गुऱ्हाळं चालू असतात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीही असते. कृष्णाकाठच्या वांग्याला थंडीतच चव. पाणीही शांत.

शाळूची_भाकरी:

आणि पाहुण्यांत जिवंत माणूस एकही नाही, हे मला सलतंय. पदार्थ माणसावरनं सुचतो म्हणता ना? ज्यांनी कधी वाईट म्हणायला तोंड उघडायचं नाही त्यांच्यासाठी सुचणं सोपं आहे. आमच्या गल्लीत डंकावर मसाला कुटणाऱ्या मावशी आहेत. मार्च-एप्रिलमध्ये मिरची, कांदा, लसूण, खोबरं घेऊन बायका रांग लावतात. त्यांना हुंगून कळतं की मिरची नीट वाळली का, धने जास्त भाजले का. आजपर्यंत त्यांना कुणी जेवायला बोलावून 'चव कशी झाली' असं विचारलेलं नाही. त्यांच्यासमोर वाढून बघा.

कृष्णाकाठचा_आचारी:

ताई, या धाग्यावर मला मिळालेलं सगळ्यात मोठं काही असेल तर ते हे. खरं आहे. कमलाबाई काय म्हणतील हे मी माझ्या मनानं ठरवू शकतो, मावशी काय म्हणतील ते नाही. आणि चांगला पदार्थ व्हायचा तर समोरचा माणूस 'नाही जमलं' म्हणू शकणारा असला पाहिजे. मग पंगत दोनदा करतो. एकदा मनातली, ती इथंच लिहितो. आणि एकदा खरीखुरी, फेब्रुवारीत, तोच बेत घेऊन. त्या पंगतीला डंकावरच्या मावशी, हळद शिजवणारी टोळी, आणि जवळच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या.

बेत असा जमलाय. आल्या-आल्या हुलग्याचं माडगं, त्यात किसलेली ओली हळद तुपात परतून, अगदी चिमूटभर. मग आगटीभोवती हुरडा. मग पंगत. पत्रावळीवर हळदीचं पान, त्यावर शाळूची भाकरी. पहिली पाळी वांग्याची: काटेरी हिरवी वांगी आरावर भाजून भरीत, सोबत ओल्या हळदीचं लिंबातलं लोणचं. या भरताला कमलाबाईंच्या नावानं माप लावलंय, माझ्याकडच्या पोरांना वाटी-चमच्यात लिहून दिलंय, कारण चांगलं झालेलं पुन्हा तसंच करता आलं पाहिजे, हे मी त्यांच्याकडून घेतलं. दुसरी पाळी घुट्याची, हळदीशिवाय, वाटी पानावर. तिसरी पाळी वाघ्या घेवड्याची, कोरेगावकडचा, कांदा-लसूण मसाल्यात रस्सा. इथं हळद पहिल्यांदा पूर्ण आवाजात, पेवातल्या जुन्या हळकुंडांची, घरी कुटलेली. मटणाचं सुकं मागेल त्याला.

शेवटचं ताट बालगंधर्वांसाठी आणि खाँसाहेबांसाठी. एस्कॉफिएनं गायिकेसाठी जे केलं त्याची आठवण म्हणून. गंधर्वांच्या कंपनीत शालू, अत्तर, गालिचे, कशालाही हात आखडता नव्हता, म्हणून गोडातही कसर नको असं आधी वाटलं होतं. पण खाँसाहेब शेजारी बसलेत. एक सूर, पूर्ण लागलेला. म्हणून गार बासुंदी, साखर अगदी बेताची, त्यात हळदीचं पान उकळताना घालून काढून टाकलेलं. वर साताऱ्याचा कंदी पेढा हातानं कुस्करून, त्याचा भाजका खमंगपणा बासुंदीला नसतो. तासगावचा बेदाणा रात्रभर काकवीत भिजवलेला, आणि आंबटाला स्ट्रॉबेरीची एक फोड. अजून एखादी गोष्ट घालावी असं वाटतंय आणि घालायची नाही असं ठरवलंय.

तंबोरा_मिरज:

बासुंदीतलं पान काढून टाकता, हे फार योग्य. दिसू नये, कळावं.

अन्नरसायन:

एक तांत्रिक सूचना. काकवीत थोडा आंबटपणा असतो. तिच्यातला बेदाणा बासुंदीत आधीपासून घालून ठेवू नका, दूध फुटू शकतं. स्ट्रॉबेरीचंही तेच. दोन्ही वाढताना वरून. आणि माडग्यात हळद तुपात परतताना आच मंद ठेवा, ओली हळद पटकन करपते आणि कडू होते.

पाटणवाला:

घुट्याला रवी लाकडीच घ्या. मिक्सरमधून काढलं की ते चिकट होतं, तार येते. आणि फोडणीचा लसूण ठेचून घाला, चिरून नको.

माणदेशी_मी:

आचारीदादा, वजनकाट्याचं पटलं, थंडाई मागे घेतो. टंचाईचं मात्र अजून पूर्ण सोडलेलं नाही, फेब्रुवारीत समोरासमोर बोलू. हुलगा मी आणतो, घरच्या रानातला आहे, निवडून ठेवलाय. भाजून दळायचा की तसाच, आणि पीठ किती बारीक, तेवढं कळवा.

कृष्णाकाठचा_आचारी:

भाजून. मंद आचेवर, तडतडायचा थांबून वास सुटेपर्यंत. भरडून साल पाखडून घ्या आणि मग दळा, फार मऊ नको, बोटाला किंचित रवाळ लागलं पाहिजे. दोन किलो पुरेल. यायच्या आदल्या दिवशी दळलं तर उत्तम, शिळ्या पिठाला तो वास राहत नाही.